संस्कृत की मल्टी स्किल? आधी कार्यशाळेचं कुलूप बघा

पत्र : सर, नमस्कार. मी फलटण तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. मुलगी आठवीत आहे, जूनमध्ये नववीला जाईल. वर्गात कायम पहिल्या तिघांत असते. शाळेत नववीपासून 'मल्टी स्किल' नावाचा विषय आहे आणि तो हिंदी-संस्कृतच्या जागी घेता येतो, असं शाळेनं सांगितलं. तिला तोच हवाय. घरात काही बिघडलं की ही स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसते. पण सासरे (निवृत्त प्राथमिक शिक्षक) म्हणतात, संस्कृतसारखा मार्क देणारा विषय हातचा सोडायचा नाही. मिस्टर म्हणतात, पोरीला काय वेल्डिंगच्या दुकानात बसवायचंय? वर्गशिक्षिका म्हणाल्या, "तो विषय 'क' तुकडीतल्या मुलांसाठी असतो, तुमची तर हुशार आहे." मी स्वतः बारावी आर्ट्स, मला यातलं काही कळत नाही. पुढे सायन्सला, इंजिनिअरिंगला अडचण येईल का? फॉर्म एप्रिलअखेर द्यायचाय. – एक आई

ताई, नमस्कार.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण झोप त्याच्यामुळंच उडाली असणार. अडचण येत नाही. अकरावी सायन्सचा प्रवेश दहावीच्या मार्कांवर होतो. इंजिनिअरिंगला बारावीचे भौतिक, रसायन, गणित आणि सीईटी बघतात, मेडिकलला 'नीट' ही परीक्षा. दहावीला दुसरी भाषा कुठली होती, हे तिथं कुणी विचारत नाही. उद्या तिनं सायन्स नको म्हणून पॉलिटेक्निक धरलं, तर तिथं हा विषय कामीच येईल. फॉर्म भरण्याआधी शाळेकडून दोन गोष्टी मात्र नीट विचारून घ्या. हा विषय नेमका कोणत्या विषयाच्या जागी बसतो, याचं मंडळाचं परिपत्रक त्यांना दाखवायला सांगा. तोंडी "होतंय हो सगळं" यावर जाऊ नका. आणि नववीला घेतलेला विषय दहावीलाही चालवायचा असतो. मिस्टरांची नोकरी बदलीची असेल आणि मधेच गाव सोडावं लागणार असेल, तर दुसऱ्या शाळेत हा विषय नसण्याची शक्यता मोठी. मग दहावीच्या तोंडावर नवीन भाषा उरावर घ्यावी लागते. तसं असेल तर संस्कृतच बरं.

आता सासरेबुवा. त्यांचं म्हणणं खोटं नाही. संस्कृत मार्क देतं, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण दहावीची टक्केवारी सहापैकी चांगल्या पाच विषयांवर निघते. एक विषय तसाही हिशोबातून गळतो. शिवाय मल्टी स्किललाही प्रात्यक्षिक असतं, जर्नल असतं, तोंडी असते. हात चालणाऱ्या मुलीला तिथं मार्क मिळायला कुणी आडवं येत नाही. म्हणजे भांडण दोन-चार मार्कांचं. पहिल्या तिघांत येणाऱ्या मुलीच्या बाबतीत दोन-चार मार्कांवर दोन वर्षांचा निर्णय घ्यायचा का, हे तुम्हीच ठरवा.

आणि संस्कृत सोडायचंच कशाला? घरात निवृत्त गुरुजी आहेत. संध्याकाळी दिवेलागणीनंतर अर्धा तास, आठवड्यातून तीन दिवस, देवः-देवौ-देवाः आणि एखादं सुभाषित. परीक्षेचं ओझं नसेल तर ते दोघांनाही गोड लागेल. मी हा उपाय सुचवतोय तो सासऱ्यांची समजूत काढायला म्हणून नव्हे. भाषा आजोबांकडून घरी येऊ शकते. व्हाइस आणि ड्रिल मशीन घरी येत नाही.

खरं सांगायचं तर तुमच्या पत्रातलं मला टोचलं ते वर्गशिक्षिकाबाईंचं वाक्य. 'क' तुकडीसाठी! तीस वर्षं मी तंत्रविद्यालयात निदेशक होतो आणि तीस वर्षं हेच ऐकलं. ज्याला गणित येत नाही त्याला हातोडा द्या. अहो, हातोड्याला गणित जास्तच लागतं. पत्र्याचं नरसाळं करायचं तर वर्तुळाचा किती अंशाचा तुकडा कापायचा, हे आधी कागदावर काढावं लागतं. चुकलं तर पुस्तकातल्यासारखं मागच्या पानावर उत्तर नसतं, पत्रा वाया जातो.

हातानं काम करत शिकायची ही कल्पना ज्यांनी मांडली, त्यांच्या डोक्यात तरी 'क' तुकडी नव्हती. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी वर्ध्याला शिक्षण परिषद घेतली आणि झाकीर हुसेन यांच्या समितीनं तिच्यावरून 'नई तालीम'चा आराखडा केला. त्यात टकळी आणि सुतारकाम हे फावल्या वेळचे विषय नव्हते. गणित, विज्ञान, भूगोल त्यांच्याच आधारानं शिकवायचे होते. मोठ्याघरच्या मुलांना आणि शेतकऱ्याच्या मुलांना सारखंच. पुढं त्याचं काय झालं ते तुम्हाला-मला माहीत आहे. आपल्या पिढीच्या वाट्याला आला तो 'कार्यानुभव', म्हणजे आईसक्रीमच्या काड्यांचं घर, आणि तेही आईनं रात्री जागून केलेलं.

पण पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला एका माणसानं हे पुन्हा उभं केलं. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेतून पीएचडी करून आलेले अन्नतंत्रज्ञ, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या हुद्द्यावर. ती नोकरी सोडून १९८३ मध्ये त्यांनी या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम काढला. शाळेतल्या मुलांना आठवड्यातला एक दिवस हातानं काम, आणि ते काम गावाच्या उपयोगाचं. शिकवायला गावातलेच जाणकार. त्यातून 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा आठवी ते दहावीचा विषय तयार झाला. त्याचे चार भाग होते: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य, शेती-पशुपालन. तुमच्या मुलीच्या शाळेतल्या 'मल्टी स्किल'ची वंशावळ तिथवर जाते. मुलं त्यात अँगलचं रॅक करतात, मातीची तपासणी करतात, कलमं बांधतात, रक्तगट ओळखतात, फेरोसिमेंटची शीट ओततात. सगळं थोडं थोडं. त्यातून कुणी वेल्डर होत नाही की कुणी माळी होत नाही, आणि व्हायचंही नसतं. या वयात मुलीला एवढंच कळायला हवं की घर, शेत, वीज, पाणी यांत जे चालतं ते उघडून बघता येतं.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तर लिहिलं होतं की २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाची ओळख व्हावी. ते वाक्य अजून बाईंच्या स्टाफरूमपर्यंत पोहोचलेलं दिसत नाही.

एक प्रसंग सांगतो. नववीचा वर्ग, सिंगल फेज बोर्डचं प्रात्यक्षिक: एक स्विच, एक होल्डर, एक सॉकेट. एका मुलीनं सगळ्यात आधी बोर्ड पूर्ण केला. वायरी सुबक, क्लिपा एका रेषेत. स्विच दाबला, दिवा लागला, वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, आता स्विच बंद कर, बल्ब काढ आणि होल्डरच्या पिनांना टेस्टर लाव. तिनं लावला. टेस्टर पेटला. पोरगी माझ्याकडं बघते, बोर्डाकडं बघते. दिवा बंद आहे आणि वीज मात्र तिथंच! मी काही बोललो नाही. चाळीस मिनिटं ती त्या बोर्डापुढं बसली, मधली सुट्टी गेली, डबा तसाच राहिला. मग एकदम म्हणाली, "सर, मी स्विच न्यूट्रलवर टाकलाय." बरोबर. स्विच फेजवर (वीज आणणाऱ्या तारेवर) असो की न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर), दिवा दोन्हीकडं लागतो. पण न्यूट्रलवर असला तर दिवा विझल्यावरही होल्डरमधला फेज जिवंत राहतो आणि बल्ब बदलायला गेलेला माणूस झटका खातो.

दहावीच्या विज्ञानात 'विद्युतधारेचे परिणाम' हा धडा आहे. त्यात जिवंत तार, तटस्थ तार, वितळतार सगळं छापलेलं आहे आणि मुलं ते घोकतात. ही मुलगी ते कधीच घोकणार नव्हती. तिला कायमचं समजलं होतं.

दुसरं, कानशीचं, म्हणजे लोखंड घासायच्या दातेरी पट्टीचं. मुलांना पहिलं काम देतात ते माइल्ड स्टीलचा चौकोनी तुकडा कानशीनं काटकोनात आणायचं. बघायला फालतू वाटतं. पण कानस कापते ती पुढं जातानाच; मागं ओढताना दाब दिला तर तिचे दात मोडतात. हे कळायला आठवडा जातो, तोवर तळहाताला फोड आलेले असतात. मग कडेला गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावायचा आणि तुकडा खिडकीच्या उजेडाकडं धरायचा. गुण्याच्या फटीतून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा कानस. मास्तराला फसवता येतं, जर्नल दुसऱ्याचं बघून उतरवता येतं, उजेडाला फसवता येत नाही. वर्गात पहिल्या तिघांत येणाऱ्या मुलांना हे काम सगळ्यात जास्त जड जातं, बरं का. ती पहिल्या फटक्यात बरोबर यायला सवयलेली असतात. इथं नवव्या-दहाव्या फटक्यात बरोबर येतं. तुमच्या लेकीला हे मिळालं, तर मार्कांपेक्षा मोठं काहीतरी मिळालं असं मी समजेन.

इतकं वाचून तुम्ही म्हणाल, मग घेऊनच टाकू. थांबा. या विषयाचं नाव मोठं आणि लक्षण खोटं, अशा शाळा मी भरपूर पाहिल्यात. एका शाळेत मी तीन वर्षं काढली, नाव घेत नाही. तिथं लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, निळं प्लास्टिक घातलेलं असायचं. तपासणीच्या आदल्या दिवशी शिपाई ते काढायचा, ऑइलचा हात फिरवायचा. साहेब गेले की पुन्हा प्लास्टिक. "मुलांनी बिघडवलं तर?" हे मुख्याध्यापकांचं उत्तर. लोखंड आणायला मंजुरी नाही, त्यामुळं मुलं तोच तुकडा दरवर्षी घासायची, जोवर त्याची लांबी-रुंदी संपत नाही. परीक्षेत सगळ्यांना पैकीच्या पैकी. मी तक्रार केली, तर मला ग्रंथालयाचं कामही जोडून मिळालं.

म्हणून ताई, माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि कार्यशाळा बघायला जा. शाळा भरलेली असताना, ज्या दिवशी नववीचा हा तास असेल त्या दिवशी, जमलं तर न सांगता. कुलूप असेल आणि किल्ली कुणाकडं आहे हे शोधायला दहा मिनिटं लागली, तर तुमचं उत्तर तिथंच मिळालं. उघडी असेल तर आत जाऊन कानशी बघा. झिजलेल्या, कळकट, मुठी सैल झालेल्या असतील तर छान, त्या वापरात आहेत. नव्याकोऱ्या, अजून तेलकट कागदात गुंडाळलेल्या असतील तर काळजी करा. कोपऱ्यात कापलेल्या पट्ट्यांचा, वायरींच्या तुकड्यांचा भंगार ढीग आहे का? तो पाहिजेच. भिंतीवर प्रथमोपचाराची पेटी आहे का, आणि ती उघडल्यावर आत आयोडीन निघतं की खडू, तेही बघा.

शिकवणाऱ्यांशी बोला. बऱ्याच ठिकाणी या विषयाचे प्रशिक्षक कंत्राटी असतात, मानधन उशिरा येतं आणि माणूस वर्षाच्या मध्यावर दुसरी नोकरी धरतो. त्यात त्याचा दोष नाही. पण गेल्या दोन वर्षांत किती प्रशिक्षक बदलले, एवढं विचारायला हरकत नाही. तास सलग मिळतात का, हेही विचारा. पस्तीस मिनिटांच्या सुट्या तासात सामान काढायचं आणि परत ठेवायचं, एवढंच होतं. सगळ्यात खरं उत्तर मात्र दहावीतल्या मुली देतील. त्यांना नुसतं विचारा, "या वर्षी काय काय केलंत गं?" पटापट चार वस्तू सांगितल्या तर ठीक. "जर्नल केलं" म्हणाल्या, तर समजून जा.

आता मिस्टरांचं वेल्डिंग. त्यांना सांगा, दहावीपर्यंतच्या विषयातलं वेल्डिंग म्हणजे दोन पट्ट्या जोडून बघणं. त्यानं कुणी दुकानात बसत नाही. पण त्यांच्या बोलण्यामागं जी गोष्ट आहे, ती शाळेतही असते आणि तिच्यावर तुम्हालाच लक्ष ठेवावं लागेल. बऱ्याच शाळांत आपोआप वाटणी होते: अन्नप्रक्रिया मुलींना, वेल्डिंग मुलांना. मुली शेंगदाण्याची चिक्की आणि लिंबाचं लोणचं करतात, मुलं ठिणग्या उडवतात, आणि शेवटी झाडलोटही मुलीच करतात. चिक्कीचं मला वावडं नाही. गुळाचा पाक गोळीबंद झाला की नाही हे ओळखणं हेही शास्त्रच आहे. पण मग तो पाक मुलांनीही करावा आणि वेल्डिंगचा होल्डर मुलींनीही धरावा. प्रशिक्षकांना हे सरळ विचारा. घुटमळले, तर दर पंधरा दिवसांनी लेकीला विचारत राहा की तिच्या हातात काय काय आलं.

आणि वेल्डिंग होणार असेल तर मास्क किती आहेत ते मोजा. कमी असतील तर बाकीची मुलं लांब उभी राहून नुसत्या डोळ्यांनी बघतात. तेव्हा काही होत नाही. रात्री झोपेत डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं, पाणी वाहायला लागतं, आई-बापांना वाटतं डोळे आले. आमच्याकडं असे चार पालक एकाच सकाळी आले होते. त्या दिवसापासून मी मास्कशिवाय कुणाला दारातसुद्धा उभं राहू दिलं नाही.

दहावीनंतरच्या वाटांची चिंता आत्ता करू नका, पण विचारलंय म्हणून थोडक्यात. गोडी टिकली तर अकरावी-बारावी सायन्सबरोबर द्विलक्षी अभ्यासक्रम असतो. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्ससारखा २०० मार्कांचा व्यावसायिक विषय आणि शेजारी भौतिक-रसायन-गणित. सरळ पॉलिटेक्निकला तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. आयटीआयला वीजतंत्री, जोडारी हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत आणि ते झाल्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. तिथून पुढं इंजिनिअरिंगही. आयटीआय म्हणजे रस्ता संपला, हे आपल्याकडं उगीच धरून बसलेत. आणि तिला दहावीनंतर यातलं काहीच नको झालं, इतिहास घ्यावासा वाटला, तरी घरातला थ्री-पिन टॉप ती आयुष्यभर स्वतः बसवेल.

थ्री-पिनवरून आठवलं. एक दिवस सगळे जेवायला बसले असताना सहज विचारा, थ्री-पिनमधली वरची पिन बाकीच्या दोघींपेक्षा जाड आणि लांब का असते? मिस्टर काय सांगतात बघा, आजोबा काय सांगतात बघा, लेकीला शेवटी बोलू द्या. लांब अशासाठी की घुसवताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जावं आणि उपसताना सगळ्यात शेवटी सुटावं. जाड अशासाठी की चुकून फेजच्या भोकात जाऊ नये. मला वाटतं, तिला हे आधीच माहीत असेल.

शाळेची कार्यशाळा अगदीच पोकळ निघाली, तर विषय घेऊ नका. संस्कृत घ्या, मार्क मिळवा, आजोबांना खूश करा. हाताचं काम मे महिन्यात बाहेर शोधा. तुमच्या भागात बाजारपेठेच्या गावी मोटर वायंडिंगची दुकानं असतात. विहिरीच्या, बोअरच्या जळालेल्या मोटरी तिथं उघडतात, तांब्याची तार काढून नवीन भरतात. ओळखीचा कारागीर बघा, सकाळचे दोन तास तिला नुसतं बसून बघू द्या, तुम्ही किंवा मिस्टर सोबत राहा. पंधरा दिवसांत तो स्वतःहून तिच्या हातात पक्कड देतो, हे मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलंय. जिवंत विजेला हात लावायचा नाही, एवढी अट आधीच घालून घ्या.

एप्रिलअखेरला अजून वेळ आहे. तेव्हा या आठवड्यात जाऊन या, मुलीला सोबत न्या, आणि कार्यशाळेत तुम्ही मागं उभ्या राहून तिला पुढं जाऊ द्या. कानशींना दात शिल्लक आहेत का, ते तिलाच बोट फिरवून बघू द्या. आल्यावर मला कळवा, काय दिसलं ते.